जड ऑक्सिजनची साक्ष : ध्रुवावर आणि विदर्भात

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले, दुसऱ्या एकाने ५४. बातमी काही तासांत देशभर फिरली. त्याच दुपारी शहरातली इतर केंद्रे मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. हवामान विभागाने तपासणी केली आणि दोष सेन्सरचा असल्याचे जाहीर केले. शहराला लागून असलेल्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत मे महिन्याच्या भर दुपारी माल उतरवणाऱ्या माणसाला उन्हाचे फारसे कौतुक नसते, पण ५६ अंश त्याच्याही गळी उतरले नसते. हा घोळ एका दिवसात मिटला, कारण शेजारी दुसरे तापमापक होते.

वीस हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीनलँडमध्ये असे दुसरे तापमापक कुठून आणायचे? ध्रुवांवरच्या बर्फातल्या ऑक्सिजनवरून प्राचीन हवामान वाचण्याचा जो उद्योग गेली सत्तर वर्षे चालू आहे, त्याचा खरा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. वर्तमानपत्रांतून आपल्याला फक्त निकाल कळतो : आठ लाख वर्षांचे तापमान समजले, बारा लाख वर्षांपर्यंत पोहोचलो. साक्षीदार कोण होता, त्याची उलटतपासणी कोणी घेतली आणि तो कुठे कुठे अडखळला, हे बहुधा बातमीत येत नाही. शिवाय हाच साक्षीदार आपल्याकडच्या गुहांत, सागाच्या लाकडात आणि हिमालयातल्या हिमनद्यांतही सापडतो, आणि तिथे तो वेगळीच भाषा बोलतो.

आधी मूळ यंत्रणा. निसर्गातल्या ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वस्तुमानाचे असतात. साधारण पाचशेंत एक अणू १८ वस्तुमानाचा असतो. दोघांचे रासायनिक वागणे जवळपास सारखेच, म्हणून त्यांना समस्थानिके म्हणतात. पण १८ वाला ऑक्सिजन असलेला पाण्याचा रेणू थोडा जड असल्यामुळे वाफ होताना किंचित मागे राहतो, आणि वाफेचे पाणी होताना आधी खाली येतो. नेहमीच्या तापमानाला समुद्राच्या पाण्यापेक्षा त्यावरच्या वाफेत जड ऑक्सिजन हजारी सुमारे दहा भागांनी कमी असतो. फरक एवढासाच. मात्र ही वाफ विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघाली की वाटेत पुन्हा पुन्हा पाऊस पडतो, आणि प्रत्येक पावसात जड रेणू जास्त प्रमाणात गळतात. लांब पल्ल्याच्या एसटीतून अवजड बोचकेवाले प्रवासी आधीच्या थांब्यांवर उतरत जावेत आणि शेवटच्या गावाला हलक्या पिशवीवालेच पोहोचावेत, तसा हा प्रकार. समुद्राचे पाणी शून्य धरले तर पूर्व अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडणाऱ्या बर्फाचा आकडा हजारी उणे पन्नासच्याही खाली जातो. हवा जितकी थंड तितकी तिच्यातून अधिक वाफ आधीच गळून गेलेली, म्हणून उरलेली वाफ तितकी हलकी. ध्रुवावर ऑक्सिजन तापमान सांगतो तो या मार्गाने. त्याचा थर्मामीटरशी थेट संबंध काही नाही. तो सांगतो प्रवासाची हकीकत, आणि तापमान आपण त्यातून काढतो. पुढचे सगळे वाद या एका गोष्टीतून निघाले आहेत.

हे पहिल्यांदा नीट पाहिले ते डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी. जून १९५२ मध्ये कोपनहेगनला मोठा पाऊस आला. त्यांच्याकडे समस्थानिके मोजणारे मास स्पेक्ट्रोमीटर होते. एका पावसात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑक्सिजन बदलतो का, एवढेच त्यांना बघायचे होते. त्यांनी बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळे बसवले आणि ती अंगणातल्या हिरवळीवर ठेवली. आकडे बदललेले निघाले, आणि ते ढग कसे तयार झाले याच्याशी जुळत होते. १९५४ मध्येच त्यांनी लिहून ठेवले की ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांत जुन्या काळाचे हवामान अशा रीतीने सापडू शकेल. १९६४ च्या त्यांच्या लेखात जगभरच्या पावसाचे आकडे आहेत. ध्रुवीय प्रदेशात तापमान एक अंशाने घटले की जड ऑक्सिजन हजारी सुमारे ०.७ ने घटतो, हे प्रसिद्ध सूत्र त्याच लेखातले. त्याच लेखात आणखी एक निरीक्षण आहे आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते : उष्ण कटिबंधात तापमानाशी संबंध लागत नाही, तिथे पावसाच्या प्रमाणाशी लागतो. विदर्भाच्या दृष्टीने लेखातले महत्त्वाचे वाक्य हे दुसरे आहे. त्याकडे पुढे येतो.

छिद्रण आले शीतयुद्धाच्या पोटातून. ग्रीनलँडच्या बर्फाखाली अमेरिकी लष्कराने कॅम्प सेंच्युरी नावाचा तळ खोदला होता. तिथे १९६६ मध्ये १३८७ मीटर खोल जाऊन तळाच्या खडकापर्यंतचा बर्फ काढला गेला. लष्कराला त्या बर्फाचे फारसे काही करायचे नव्हते. डान्सगार्ड यांनी तो मागून घेतला आणि १९६९ मध्ये सुमारे एक लाख वर्षांची पहिली सलग हवामान-नोंद छापली. त्यानंतर अंटार्क्टिकात शर्यतच लागली. रशियाच्या व्होस्टॉक तळावर १९९८ मध्ये छिद्रण ३६२३ मीटरवर थांबले आणि त्यातून चार लाख वीस हजार वर्षे हाती आली. युरोपच्या एपिका प्रकल्पाने डोम सी येथे ३२७० मीटरच्या गाभ्यातून, म्हणजे छिद्रातून काढलेल्या बर्फाच्या दांड्यातून, आठ लाख वर्षे वाचली. जानेवारी २०२५ मध्ये लिटल डोम सी येथे २८०० मीटर खोलीवर युरोपीय गट किमान बारा लाख वर्षांपर्यंत पोहोचला. तिथे तळाजवळच्या एका मीटर बर्फात तेरा हजार वर्षांपर्यंतचा काळ दाबून बसला आहे. म्हणजे बारीक चढउतार सांगणारी नोंद वरच्या भागात मिळेल, तळाशी फक्त मोठ्या लाटा. रोज किती मीटर खोदले याच्या बातम्यांत ही मर्यादा हरवते.

आता उलटतपासणी.

१९९० च्या दशकाच्या आरंभी ग्रीनलँडच्या माथ्यावर युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन छिद्रे एकमेकांपासून सुमारे तीस किलोमीटरवर खोदली गेली, दोन्ही तीन किलोमीटरहून खोल. ऑक्सिजनचे आकडे डान्सगार्डच्या सूत्रात घातले तर शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात ग्रीनलँड आजच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड होते असे निघत होते. पण छिद्र मोकळे होते, आणि कोणाच्या तरी लक्षात आले की त्यात तापमापक सोडता येईल. बर्फ उष्णतेचा मंद वाहक आहे. हजारो वर्षांपूर्वीची थंडी अजून पूर्ण विरलेली नसते, खोलवर तिची पुसट खूण राहते. वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान मिलिअंशांपर्यंत मोजले आणि गणिताने उलटे मागे गेले, तेव्हा आकडा आला वीस अंशांहून अधिक. १९९८ मध्ये डोर्थे डाल-येन्सेन आणि सहकाऱ्यांनी तेवीस अंशांचा फरक दिला. ऑक्सिजनने निम्मीच थंडी सांगितली होती.

कारण शोधताना साक्षीदाराची एक खोड उघड झाली. बर्फात तापमानाची नोंद होते ती फक्त बर्फ पडतो त्या दिवसांची. हिमयुगात ग्रीनलँडच्या भोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठलेला असे, त्यामुळे हिवाळी हिमवर्षाव फारच कमी. जो बर्फ पडला तो बहुतेक उन्हाळ्यात. कडाक्याच्या थंडीचे महिने नोंदवहीत आलेच नाहीत. वार्षिक सरासरी म्हणून आपण जी वाचत होतो ती बरीचशी उन्हाळ्याची सरासरी होती. मला या संपूर्ण क्षेत्रातला हा सर्वांत शिकवणारा प्रसंग वाटतो. ऑक्सिजनचे आकडे अचूक होते, प्रयोगशाळेत कोणाचीही चूक नव्हती, तरी निष्कर्ष निम्म्याने चुकला.

अंटार्क्टिकात उलट झाले, आणि तेही अगदी अलीकडे. तिथे हिमयुगातली थंडी आजच्यापेक्षा सुमारे नऊ अंश जास्त असे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून मानले जात होते. २०२१ मध्ये क्रिस्टो बुइझर्ट आणि सहकाऱ्यांनी छिद्रातले तापमान आणि बर्फात कोंडलेल्या हवेवरून काढलेली वरच्या भुसभुशीत थराची जाडी या दोन स्वतंत्र मार्गांनी पूर्व अंटार्क्टिकाचा हिशेब पुन्हा मांडला. तो आला चार ते सात अंश. एकाच पद्धतीने एका ध्रुवावर थंडी कमी दाखवली आणि दुसऱ्यावर जास्त. तेव्हा ‘ऑक्सिजन म्हणजे निसर्गाचे थर्मामीटर’ हे शाळेच्या प्रदर्शनातले वाक्य आता निवृत्त करायला हरकत नाही. याचा अर्थ ध्रुवीय नोंद टाकाऊ आहे असा कोणी काढू नये. चढउतार कधी झाले, कोणत्या क्रमाने झाले आणि किती झपाट्याने झाले, याबाबत तिच्या जवळपासही जाणारे दुसरे साधन नाही. ग्रीनलँडमध्ये शेवटच्या हिमयुगात पंचवीसेक वेळा तापमान काही दशकांतच आठ ते सोळा अंश उसळले. ही डान्सगार्ड-ओश्गर आवर्तने ऑक्सिजननेच दाखवली आणि नंतर हवेतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांनी त्यांना दुजोरा दिला. हवामान फक्त सावकाश बदलते ही समजूत मोडली ती इथे.

कोंडलेल्या हवेबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९६५ मध्ये अंटार्क्टिकातल्या तळावर क्लोद लोरियुस यांनी व्हिस्कीच्या पेल्यात जुन्या बर्फाचा तुकडा टाकला आणि फुटणारे बुडबुडे पाहून जुनी हवा मोजता येईल हे त्यांच्या मनात आले. त्या बुडबुड्यांमुळे आज कळते की औद्योगिक काळाआधीच्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत तीनशेच्या पलीकडे गेला नव्हता. आज तो ४२० हून अधिक आहे. तापमान आधी वाढले की वायू आधी, यावर बरीच राळ उडवली गेली. अडचण अशी की हवा बंद होते ती पन्नास-शंभर मीटर खोलीवर, म्हणजे बर्फापेक्षा त्यातली हवा बरीच तरुण असते. हा फरक नीट धरल्यावर, २०१३ मध्ये फ्रेंच गटाने केलेल्या मांडणीत, शेवटच्या हिमयुगाच्या अंताला दोन्ही जवळजवळ एकत्र वाढलेले दिसतात.

भारताचा या बर्फाशी संबंध गोव्यातून सुरू होतो. ६ डिसेंबर १९८१ रोजी सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली मोहीम गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरली. पहिले स्थानक दक्षिण गंगोत्री हिमफळीवर उभे होते. दरवर्षीच्या बर्फाखाली ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये बंद करावे लागले. संशोधकाला जो साठत जाणारा बर्फ हवा असतो, त्यानेच स्थानक गिळले. नंतर खडकाळ जमिनीवर मैत्री आले आणि २०१२ मध्ये भारती. वास्कोजवळ हेडलँड सडा येथे १९९८ मध्ये या कामासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज तिचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. मुरगाव बंदराकडून येणारा दमट वारा अंगाला चिकटत असताना आत उणे वीस अंशांच्या कोठारात अंटार्क्टिकाचे बर्फगाभे रचून ठेवलेले असतात. शास्त्रज्ञ जाड पोशाखात तिथे शिरतात, करवतीने गाभा उभा चिरतात आणि बाहेरचा हाताळलेला थर काढून टाकून आतला भाग मोजणीला पाठवतात.

मेलोथ थंबन आणि त्यांच्या गटाचे काम इथले. ड्रॉनिंग मॉड लँडच्या किनारपट्टीवरून, म्हणजे मैत्रीच्या मागच्या भागातून, काढलेला सुमारे ६५ मीटरचा एक गाभा १९०५ ते २००५ या शतकाची वर्षागणिक नोंद देतो. दुसरा ६२ मीटरचा गाभा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे जातो. काळ ठरवण्यासाठी ज्वालामुखींनी सोडलेल्या गंधकाच्या खुणा आणि अणुचाचण्यांचा ट्रिटियम यांचा आधार घेतात, म्हणजे इथेही ऑक्सिजन एकटा उभा नसतो. शतकभराच्या गाभ्यावर २०१० मध्ये आलेल्या लेखात त्या जागी सुमारे एक अंश तापमानवाढ दिसली, आणि वर्षावर्षांतल्या चढउताराचा संबंध दक्षिण ध्रुवाभोवतीच्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याशी आणि काही काळ एल निनोशीही लागला.

तीन किलोमीटरच्या गाभ्यांपुढे साठ-पासष्ट मीटर ही किरकोळ गोष्ट वाटेल. माझे मत तसे नाही. अंटार्क्टिकात नियमित तापमापन बहुतेक ठिकाणी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासूनचे आहे. त्याआधीची काही शतके, म्हणजे हिमयुगांच्या मोठ्या लाटा नव्हे तर माणसाच्या आठवणीला लागून असलेला काळ, अशा उथळ आणि किनाऱ्यालगतच्या गाभ्यांतूनच भरून निघतो. शिवाय किनाऱ्यावर बर्फ जास्त पडतो, त्यामुळे एकेक वर्ष वेगळे ओळखता येते. मध्य अंटार्क्टिकात वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर पाण्याइतकाच बर्फ साठतो, तिथे हे जमत नाही. खोल छिद्रणाचा मान भारताला अजून मिळालेला नाही. त्याची हळहळ राष्ट्रीय अभिमानापुरती ठीक, विज्ञानापुरती नाही.

आता घराकडे. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. इथे अरबी समुद्राची शाखाही पोहोचते आणि बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टेही. दोन्ही समुद्रांचे पाणी सारखे नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड पाण्यामुळे उपसागराच्या पृष्ठभागावर जड ऑक्सिजन कमी. शिवाय उपसागरावरून आलेली वाफ जमिनीवरून शेकडो किलोमीटर पाऊस पाडत येते. तेव्हा वाडीत आज पडलेल्या सरीचा आकडा कमी आला तर त्याचे कारण आजचा जोर, वाटेतला जोर किंवा मुळात कुठल्या समुद्राचे पाणी, यांपैकी काहीही असू शकते. तापमान या यादीत जवळपास नाहीच. जुलै आणि सप्टेंबरमध्ये इथे तापमानात फरक तो किती?

डान्सगार्ड यांनी ज्याला पावसाच्या प्रमाणाचा परिणाम म्हटले, तो भारतात गृहीत धरून वर्षानुवर्षे कामे झाली : आकडा खाली म्हणजे पाऊस जास्त. २०१४ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील आर. रमेश आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या पावसावरून दाखवले की स्थानिक पावसाच्या मिलिमीटरशी हा संबंध दुबळा आहे. आसपासच्या मोठ्या प्रदेशावर संघटित ढगांची किती उलथापालथ झाली, तिच्याशी तो चांगला जुळतो. वरवर पाहता हे पद्धतीवरचे संकट वाटते. मला त्यात फायदा दिसतो. एका गावचा पाऊस लहरी असतो. ऑक्सिजन जर विस्तृत प्रदेशाच्या मोसमी हालचालीची सरासरी सांगत असेल, तर दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याला तीच अधिक उपयोगी. अट एवढीच की आकडा एखाद्या तालुक्याच्या पर्जन्यमापकात रूपांतरित करून सांगू नये.

हिमालयात हा पेच उघड्यावर येतो. लॉनी थॉम्प्सन यांच्या गटाने १९९७ मध्ये तिबेटातल्या दासुओपू हिमनदीवर, सुमारे ७२०० मीटर उंचीवर, तीन गाभे काढले. २००० मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी ऑक्सिजनच्या आकड्यांवरून विसाव्या शतकातली तापमानवाढ वाचली. ते तापमान की पावसाळ्याचा जोर, यावर तेव्हापासून मतभेद आहेत. या गाभ्यांवर पडणारा बर्फ मुख्यतः मोसमी वाऱ्यांचा असल्यामुळे शंका घेणाऱ्यांचे म्हणणे सहज झटकता येत नाही. त्याच गाभ्यांची दुसरी साक्ष मात्र पक्की आहे, आणि ती ऑक्सिजनची नाही. धूळ आणि क्लोराइड यांच्या थरांत १७९० ते १७९६ या वर्षांचा दुष्काळ गेल्या हजार वर्षांतला सर्वांत तीव्र म्हणून उमटला आहे. दख्खनेत १७९१-९२ चा दुष्काळ लोकांनी कवट्यांचा दुष्काळ म्हणून लक्षात ठेवला, कारण मेलेल्यांना पुरायला किंवा जाळायला माणसे उरली नव्हती. पेशवाईच्या उत्तरकाळातली ही आपत्ती एव्हरेस्टच्या पश्चिमेकडच्या हिमनदीत धुळीच्या रूपाने पडून आहे. १८७६-७७ चा दुष्काळही तिथे दिसतो.

विदर्भाला सर्वांत जवळची ऑक्सिजनची चांगली नोंद बर्फातली नव्हे, दगडातली आहे. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात दंडक गुहा आहे. छतातून झिरपणारे पाणी थेंब थेंब चुन्याचा स्तंभ वाढवत जाते आणि प्रत्येक थरात त्या काळच्या पावसाचा ऑक्सिजन अडकतो. थराचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने निघते. २००७ मध्ये आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी इथला इ.स. ६०० ते १५०० असा नऊशे वर्षांचा पट छापला. त्याचे महत्त्व असे की हा भाग मोसमी पावसाच्या गाभ्यात येतो, आणि विदर्भही त्याच पट्ट्यात. त्या नोंदीत चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पाऊस पुन्हा पुन्हा आणि दशके टिकून दुबळा पडलेला दिसतो. परंपरेने १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ याच टप्प्यात बसतो. बखरीतला बारा हा आकडा पुराणाच्या चालीचा असावा असे मला पूर्वी वाटे. गुहेचा पट पाहिल्यावर त्याकडे तुच्छतेने बघवत नाही. आजच्या धरणांची आणि विहिरींची क्षमता दोन-तीन वाईट वर्षांच्या हिशेबाने ठरवलेली आहे. दशकभर चालणाऱ्या दुबळ्या पावसाचा अनुभव दीडशे वर्षांच्या पर्जन्यमापनात नाही, पण गुहेत आहे.

सगळे साक्षीदार एकमेकांना धरून बोलतात असे मात्र नाही. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यावर सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लिहिले. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन प्रदीर्घ कोरडे टप्पे त्यात येतात. आटत्या खाऱ्या पाण्यात तयार होणारे गेल्युसाइट नावाचे खनिज हा तिथला मुख्य पुरावा. पहिल्या टप्प्याला बाहेरून आधार आहे : मेघालयातल्या मॉमलुह गुहेच्या स्तंभातला ऑक्सिजन ४२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस ढासळल्याचे सांगतो, आणि २०१८ मध्ये भूशास्त्राने त्यावरून सध्याच्या कालखंडाला ‘मेघालयन’ असे अधिकृत नावच दिले. दुसरा टप्पा मात्र दंडकच्या नोंदीवर ठेवला तर शतकाशतकाचा मेळ लागत नाही. सरोवराचा गाळ हळू साठतो, त्यात झऱ्यांचे पाणी मिसळते. गुहेची नोंद जवळजवळ वर्षावर्षाची आहे. दोन्ही खऱ्या असू शकतात, आणि तरी एका शतकाबद्दल विचारले तर मी गुहेवर जास्त भरवसा ठेवीन.

वाडीहून अमरावती रस्त्याने शहराकडे आले की राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय लागते. तिथे डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका साक्षीदाराकडे लक्ष वेधले : काळ्या मातीतली चुनखडी. शेतकऱ्याला ती नांगराला लागणारी कटकट वाटते. या शास्त्रज्ञांनी तिचे दोन प्रकार वेगळे केले. एक जुनी, आजच्यापेक्षा ओल्या हवामानात तयार झालेली. दुसरी मातीतच नव्याने बनत असलेली, हवामान कोरडे होत गेल्याची खूण. ऑक्सिजन न मोजताही मातीच्या रचनेवरून निघालेला हा निष्कर्ष होलोसीन काळाच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळाच्या, उत्तरार्धात इथली हवा कोरडी होत गेल्याचे सांगतो. लोणारशी त्याची दिशा जुळते. मध्य भारतातला सागही असाच एक साक्षीदार आहे. एका वर्षाच्या वर्तुळाचे बारीक काप घेऊन त्यातल्या सेल्युलोजचा ऑक्सिजन मोजण्याचे काम रमेश यांच्या गटाने केले. तिथे पावसाचा आकडा आणि पानांतून बाष्पीभवन करणारा हवेचा कोरडेपणा, दोन्ही एकात एक मिसळून येतात. अल्लापल्ली-चंद्रपूरचे साग दीर्घायुषी आहेत. या दृष्टीने ते अजून पुरते वाचले गेलेले नाहीत.

समुद्राच्या तळातल्या सूक्ष्म कवचांतला जड ऑक्सिजन तर तिसराच अर्थ सांगतो. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये तो समुद्राचे तापमान म्हणून वाचला. निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दाखवले की त्यातला मोठा भाग जमिनीवर साठलेल्या बर्फाचा आहे, कारण हलके पाणी हिमस्तरांत अडकले की समुद्र जड होतो. एकच अणू, ध्रुवावर तापमान, समुद्रात बर्फाचा साठा, बस्तरमध्ये पाऊस. या तिन्ही वाचनांना जोडणारा धागा म्हणजे पाण्याचा प्रवास, आणि तो ठिकाणागणिक वेगळा असल्यामुळे एका ठिकाणचे सूत्र उचलून दुसरीकडे लावता येत नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतली बहुतेक उदाहरणे ध्रुवांची असल्याने आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या मनात ‘ऑक्सिजन म्हणजे तापमान’ हेच समीकरण बसते, ही मला आपल्या अध्यापनातली मोठी उणीव वाटते.

पुढचे काम दोन टोकांना आहे. एका टोकाला लिटल डोम सीचा बर्फ युरोपातल्या प्रयोगशाळांत वितळवला जात आहे. सुमारे नऊ ते बारा लाख वर्षांपूर्वी हिमयुगांची लय एक्केचाळीस हजार वर्षांवरून एक लाख वर्षांवर का गेली, हे त्यातल्या वायूंना विचारायचे आहे. दुसऱ्या टोकाला अगदी साधी गोष्ट : आजचा पाऊस. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना १९६१ पासून जगभर महिन्यामहिन्याचा पाऊस समस्थानिकांसाठी गोळा करतात. पर्जन्यमापकातले पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यावर तेलाचा पातळ थर देतात, आणि महिन्याअखेरीस नमुना बाटलीत भरून पाठवतात. खर्च फार नाही, लागते ती सलग वर्षांची चिकाटी. मध्य भारतात असे लांब आणि अखंड नमुने फार थोडे आहेत. पूर्व विदर्भ आणि बस्तर पट्ट्यात दहा वर्षे प्रत्येक मोसमाचा पाऊस असा मोजला, त्याची सांगड उपसागरातून आलेल्या प्रत्येक कमी दाबाच्या पट्ट्याच्या मार्गाशी घातली, तर दंडकच्या स्तंभातला चौदाव्या शतकाचा आकडा म्हणजे नेमका किती पाऊस, याचे उत्तर आजच्यापेक्षा खूपच ठामपणे देता येईल. हे काम नागपुरातल्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांना अवघड नाही.